मारवाडातलं वाळवण, घोटीतला पाऊस

इगतपुरीजवळच्या घोटीच्या पेठेत आमची ओळख ‘शेठचं घर’ एवढीच होती. खाली भातखरेदीचा गाळा, मागे गोदाम, गोदामाला लागून लहानशी गिरणी आणि वर राहतं घर. गाळ्यात मराठी बोललं जाई, जिना चढला की मारवाडी सुरू होई. पणजोबा राजस्थानातल्या पाली जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आले ते दुसऱ्याच्या दुकानात मुनीम म्हणून. छप्पनच्या काळानंतर ते निघाले, असं घरात सांगत. विक्रम संवत १९५६, म्हणजे इ. स. १८९९-१९०० सालचा हा दुष्काळ. ‘छप्पनियो काळ’ एवढं म्हटलं तरी घरातली म्हातारी माणसं गप्प होत. धान्य संपलं, चारा संपला, तेव्हा लोकांनी खेजडीची साल वाळवून, दळून खाल्ली. दादीसाने, म्हणजे माझ्या आजीने, ही गोष्ट तिच्या सासूच्या तोंडून ऐकली होती. ताटात घास उरला की ती आम्हाला पुन्हा ऐकावी लागे.

पणजोबांनी घोटीच का धरली, याचं उत्तर रेल्वेत आहे. थळ घाट चढून लोहमार्ग १८६५ साली इगतपुरीला पोचला. घाटमाथ्यावरचा भात मुंबईला जाऊ लागला, घोटीत खरेदीदार बसले. एका गावचा एक माणूस स्थिरावला की त्याच्या मागोमाग त्याचे भाचे-पुतणे येत. पणजोबाही असेच कुणाच्या तरी आधाराने आले आणि पहिली काही वर्षं बाशात जेवले. बासा म्हणजे एकट्याने आलेल्या मारवाडी पुरुषांची सामायिक खाणावळ. बायको-मुलं मागे देसात. मारवाड तो ‘देस’ आणि पोटासाठी जिथे जाऊन राहिलो ते ‘दिसावर’. माझे वडील घोटीत जन्मले, मी घोटीत जन्मले, मराठी शाळेत शिकले, तरी आमच्या घरच्या बोलण्यात घोटी दिसावरच राहिली.

पालीकडे वर्षाला ४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, इगतपुरीला ३००० मिलिमीटरच्या वर. आमच्या स्वयंपाकघरात जे जे घडलं ते या दोन आकड्यांमुळे घडलं, असं मला आता वाटतं. मारवाडचं जेवण कोरड्या हवेसाठी आणि पाण्याच्या टंचाईसाठी घडलेलं आहे. हिरवी भाजी मुळातच कमी, म्हणून मोसमात जे हाती लागेल ते वाळवायचं आणि वर्षभर पुरवायचं. केर ही एका काटेरी झुडपाची बारीक हिरवी फळं. मिठाच्या पाण्यात मुरवून त्यांचा कडूपणा काढायचा आणि मग ती उन्हात टाकायची. सांगरी म्हणजे खेजडीच्या कोवळ्या शेंगा. ही खेजडी म्हणजे दसऱ्याला आपण जिची पूजा करतो ती शमी. महाराष्ट्रात शमीची पूजा होते, मारवाडात तिच्या शेंगांची भाजी होते आणि छप्पनच्या काळात तिच्याच सालीवर माणसं जगली. यांच्या जोडीला कुमटिया, गूंदा, काचरी म्हणजे आंबट रानकाकडी, मुगाच्या मुंगोड्या, उडदाचे पापड, मक्याचं पीठ ताकात शिजवून वाळवलेली राबोडी. देसातून कुणी आलं की त्याच्या सामानात या सगळ्याच्या कापडी पिशव्या असत. दादीसा त्या पाहुण्याच्या आधी उघडून बघे.

जूनपर्यंत हे वाळवण खडखडीत राही. मृगाच्या सरी आल्या की पापड मऊ पडत, सांगरीवर पांढरी बुरशी चढे, मिठाच्या बरणीला पाणी सुटे. ज्यांनी घोटीचा पावसाळा पाहिला नाही त्यांना हे कळायचं नाही. आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत, भिंतीला हात लावला तर ओला होतो, दुपारी तीनला दिवे लावावे लागतात. दादीसा लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच आषाढात तिने आणलेलं सगळं वाळवण नासलं आणि ती रडली होती, असं ती स्वतः सांगे. माहेरच्या अंगणातल्या खेजडीच्या शेंगा होत्या त्या.

त्यावरचा उपाय तिला देसातल्या कुणी सांगितला नाही. वैतरणेच्या रस्त्याने डोक्यावर पाटी घेऊन एक ठाकर बाई आमच्या दारी भाजी विकायला येई. पुढे तिची सून यायची, तिला मी मावशी म्हणे. त्या म्हातारीने ओट्यावरून आत बघून सांगितलं, “शेठाणी, चुलीवर टांगा ना. आमचं बी समदं चुलीवरच राहतं. धुरानं किडा धरत नाही.” आदिवासी घरांत चुलीच्या वर माळा असतो, बियाणं, लाकडं, वाळवलेली मासळी, सगळं तिथे धुरात राहतं. दादीसाने चुलीच्या वर बांबूची ताटी बांधून घेतली आणि त्यावर डबे नाही, पिशव्या ठेवल्या. मूग आणि मटकी राखेत घोळून ठेवायलाही ती इथेच शिकली. आमच्या घरच्या केर-सांगरीला धुराचा एक हलका वास असायचा. देसात गेल्यावर तिथली भाजी मला बेचव वाटे, कारण तिच्यात तो वास नसे.

मुंगोड्या घालण्याचा दिवस मात्र चैत्रातच धरावा लागे. वैशाखाच्या मध्यानंतर वळवाचा भरवसा नाही. आदल्या रात्री मुगाची डाळ भिजत पडे. पहाटे सालं धुऊन ती पाट्यावर वाटायची, पाणी जवळजवळ न घालता. मग पितळी परातीत घेऊन दादीसा ती हाताने फेटत बसे, एकाच दिशेने, खांद्यापासून हात हलवत. पीठ पांढरं आणि हलकं झालं की वाटीभर पाण्यात त्याचा एक थेंब सोडायचा. तरंगला तर झालं, बुडाला तर पुन्हा फेटायचं. मला तो थेंब सोडायचा मान असे. नंतर गच्चीवर धुवट धोतर अंथरून त्यावर मुंगोड्या तोडायच्या. चार बोटांवर पीठ घेऊन अंगठ्याने ढकलायचं. एक मुंगोडी वालाच्या दाण्याएवढी, दुसरी तेवढीच, तिसरी तेवढीच, ओळीने. माझ्या मुंगोड्यांना शेपट्या येत. दादीसा त्या उन्हात राहू देई आणि भाजी करताना मुद्दाम माझ्या ताटात वाढे.

राबोडी करायला मका हवा. घोटीच्या आसपास मका नव्हता, भात होता. आणि भाताच्या गिरणीत तांदळाबरोबर आणखी तीन गोष्टी पडतात : तूस, कोंडा आणि कणी. तूस भट्टीला आणि शेगडीला जाई, कोंडा म्हशींना. कणी स्वस्तात विकली जाई. दादीसाने कणी दळून आणली, जिरं आणि पापडखार घालून ती उकडली आणि तिचे खिचिये लाटले. तांदळाचे खिचिये मारवाडातही करतात, पण तिथे तांदूळ पाहुण्याचा. आमच्याकडे तो घरचा. उकडलेल्या पिठाचा पहिला गोळा आम्हा मुलांना तेल आणि तिखट घालून मिळायचा. तुसाच्या शेगडीवर भाजलेल्या खिचियावर तूप सोडलं की आमची पोटं जेवणाआधीच भरत. शेजारच्या मराठा घरातल्या काकू बघायला आल्या आणि त्यांनी ते उचललं. त्या दरवर्षी तांदळाच्या पापड्या करायच्याच. त्यात आमचं लाटणं मिसळलं. बदल्यात दादीसा त्यांच्याकडून खुरासणीची चटणी शिकली, लसूण वगळून. लसणाशिवाय खुरासणीची चटणी कशी लागेल, असं काकूंनाही वाटलं होतं. भाजलेली खुरासणी, लाल मिरची, मीठ आणि आमची काचरी. काचरीचा आंबटपणा खुरासणीच्या तेलकट चवीला इतका जमला की काकू आमच्याकडून काचरीची भुकटी मागून नेत.

बाजरीचा सोगरा, म्हणजे भाकरी, कधी अडला नाही. सिन्नरकडचा पाऊस कमी, तिकडची बाजरी घोटीच्या बाजारात येई. पण राब दादीसाने हळूहळू नागलीवर आणली. ताकात बाजरीचं पीठ कालवून मंद आचेवर शिजवतात ती मारवाडी राब, आणि नागलीचं आंबील तर या डोंगरात घरोघरी. मला दोन्हीत फरक कळायचा नाही. दादीसाला कळायचा, तरी उन्हाळ्यात ती नागलीचीच करायची. नागली पोटाला थंड, एवढंच तिचं म्हणणं.

सगळ्यात अवघड असायचा चातुर्मास. आम्ही स्थानकवासी जैन. कांदा-लसूण घरात कधीच आलं नाही, बटाटा फक्त आठ महिने. आषाढाच्या चौदसपासून पालेभाजी बंद. पावसात पानांवर जीव फार असतात, ते मरू नयेत म्हणून हा नेम. शिवाय बीज, पाचम, आठम, अग्यारस आणि चौदस या तिथींना कुठलीच ताजी भाजी चालत नसे. त्याला आमच्याकडे लीलोती सोडणं म्हणतात. मारवाडात हा नेम पाळणं जड जात नसावं, कारण तिथे हिरवं असतंच किती! घोटीत मात्र नेमके हेच चार महिने रानभाज्यांचे. कुरडू, टाकळा, भारंगी, आंबाडी, चाईचा बार. मावशीची पाटी दारात उतरली की ओल्या पानांचा वास जिन्यावरून वर येई. आणि वर आम्ही बेसनाचे गट्टे, मुंगोडीचं कालवण, बेदाणे घातलेली दाणामेथी आणि पापडाची भाजी जेवत असू. मारवाडात जे टंचाईचं जेवण होतं ते आम्ही हिरव्यागार घोटीत व्रताचं जेवण म्हणून खात होतो. मला त्याचं वाईट वाटायचं. शाळेच्या डब्यात मैत्रिणींकडे कुरडूची भाजी आणि तांदळाची भाकरी, माझ्याकडे खाकरा आणि मेथीची सुकी चटणी.

दादीसाने यातूनही वाट काढली होती. पहिला पाऊस आणि आषाढी चौदस यांच्यामध्ये जे दिवस मिळत, त्यांत ती मावशीची पाटीच्या पाटी रिकामी करून घेई. रोज पालेभाजी, दोन्ही वेळा. आणि चातुर्मास लागला की करटोली. ते पान नाही, फळ आहे, म्हणून तिथी सोडून चालायचं. करटोली ती मारवाडी पद्धतीने करायची : उभी चिरून, बिया कोवळ्या असतील तर तशाच ठेवून, तेलात हिंग, बडीशेप, धणे, मग करटोली, आणि शेवटी काचरीची भुकटी व कोरडं भाजलेलं बेसन भुरभुरवून झाकण. बेसन तेल पिऊन करटोलीच्या काट्यांना चिकटे. इगतपुरीच्या रानातली भाजी आणि मारवाडच्या वाळवंटातली काचरी एका कढईत. ही भाजी ना देसात कुणी केली ना घोटीत दुसऱ्या घरी. आमच्या घराचा एखादा पदार्थ सांगायचा झाला तर मी हाच सांगेन.

ब्याळू, म्हणजे संध्याकाळचं जेवण, सूर्यास्ताच्या आत. पण श्रावणात घोटीला सूर्य दिसतो कुठे? स्थानकात सूर्योदय-सूर्यास्ताचा छापील तक्ता टांगलेला असे, त्यावर घड्याळ लावून आम्ही जेवत असू. सहाची वेळ झाली की दादीसा जिन्यात उभी राहून हाक मारी, “जीम लो, दिन आथमे!” गाळ्यातले पुरुषही हिशेब अर्धा टाकून वर येत. नऊच्या सुमारास शेजारच्या घरातून फोडणीचा वास येई आणि आम्ही पाणी पिऊन झोपत असू. मुलांना दुधाची सूट होती, पण मोठ्यांसमोर ते मागायला संकोच वाटे.

याच चार महिन्यांत साध्वीजी गोचरीला, म्हणजे भिक्षेला, येत, आम्ही मुलं पाथर्डी बोर्डाच्या धार्मिक परीक्षेची पाठांतरं करत असू. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या चिचोंडीत जन्मलेले आचार्य आनंदऋषीजी आमच्या घरात फार मानले जात. ते आमच्यासारख्याच महाराष्ट्रात वाढलेल्या मारवाडी घरातले, याचा दादीसाला विशेष अभिमान होता.

पर्युषणात गणपती येत. गणेश चतुर्थीला सगळ्या आळीत मोदक, आणि आमच्याकडे कुणाचा उपास, कुणाचं आयंबिल, म्हणजे बिनतेलातुपाचं एकवेळचं जेवण. दुसऱ्या दिवशी संवत्सरी, पर्युषणाचा शेवटचा दिवस, त्या दिवशी घरात चूल पेटत नसे. तीच ऋषिपंचमी. शेजारच्या काकू बैलाच्या कष्टाचं न खाण्याचा नेम पाळत आणि ऋषीची भाजी करत. काकूंना दादीसाचं व्रत समजावून सांगावं लागलं नाही, दादीसाला काकूंचं. एरवी दोघींच्या चालीरीतींत जमीन-अस्मानाचा फरक, पण मुकं जनावर राबवून मिळवलेलं एक दिवस खायचं नाही, हे दोन्ही घरांना ठाऊक होतं. काकूंच्या घरी मी गेले की माझ्यासाठी एक लहान कढई निराळी काढलेली असे; तिच्यात कधी कांदा पडला नाही. दूधभात, गूळ-तूप-भाकरी, कधी बिनलसणाचं उडदाचं घुटं. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. त्या कढईचं मोल मला फार उशिरा कळलं.

आमच्या घराने मात्र सगळ्यांशी असं वागणं ठेवलं नव्हतं, आणि ते सांगितल्याशिवाय हे लिहिणं खरं होणार नाही. मावशीला चहा मिळे तो ओट्यावर, आणि तिचा पेला निराळा. तो ओट्याच्या कोनाड्यात पालथा ठेवलेला असे. ज्या बाईच्या सासूने आमचं वाळवण वाचवलं, जिच्या पाटीतून आमचं घर पावसाळा पाहत होतं, तिला आमच्या उंबऱ्याच्या आत जागा नव्हती. संवत्सरीनंतर दादीसा खमतखामणा करायला खाली उतरे. हमालांपुढे, मावशीपुढे हात जोडून वर्षभरातल्या चुकांची क्षमा मागे. मावशी संकोचून म्हणे, “मला कशापायी हात जोडता, शेठाणी?” दादीसा मनापासून क्षमा मागत होती, यात मला शंका नाही. पेला मात्र कोनाड्यातच राहिला. हे चुकीचं होतं. दादीसावर माझा कितीही जीव असला तरी ते चुकीचंच होतं.

घोटीहून दक्षिणेला कळसूबाई दिसते, १६४६ मीटर उंच, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. तिच्या पलीकडच्या डोंगरांत महादेव कोळ्यांचा राघोजी भांगरे सावकारांविरुद्ध आणि इंग्रजांविरुद्ध उठला. २ मे १८४८ रोजी त्याला ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला दंगे सुरू झाले तेव्हा लोकांनी मारवाडी आणि गुजराती सावकारांचे कर्जाचे कागद जाळले. हा इतिहास मी शाळेत आणि नंतर पुस्तकांत वाचला. घरी कुणी त्याचं नाव काढत नसे. आमच्या गाळ्यात मुडिया लिपीतल्या लाल कापडी वह्या होत्या, ती लिपी गिऱ्हाइकाला वाचता येत नसे. भात येण्याआधी उचल द्यायची आणि भात आला की वळती करायची, हा व्यवहार मी डोळ्यांनी पाहिला आहे. दादासा, म्हणजे माझे आजोबा, कुणाला बुडवत नव्हते असं सगळे सांगतात. पण वही एकालाच वाचता येते तेव्हा दुसऱ्याला विश्वासावरच राहावं लागतं, आणि आमच्या ताटातलं तूप त्या वहीतून येत होतं.

१९७२ च्या दुष्काळात या गोष्टी मला पहिल्यांदा थोड्या उमगल्या. रेशनवर परदेशातून आलेला लाल मिलो मिळायचा. दादीसाने त्याचे सोगरे थापले, ते तव्यावर फुटायचे. आम्ही तोंड वाकडं केलं तेव्हा तिने खेजडीच्या सालीची गोष्ट सांगितली नाही. ती फक्त म्हणाली, मावशीच्या घरी हेही नाही. त्या वर्षी आमच्या आईने, जिला आम्ही बाई म्हणत असू, कोनाड्यातला पेला उचलून मोडीत दिला आणि सगळ्यांसाठी सारखे स्टीलचे पेले आणले. बाई येवल्याच्या मारवाडी घरातली, तीन पिढ्या महाराष्ट्रातल्या, बोलायला तडक मराठी. सासूशी ती कधी वाद घालत नसे. तिने पेले आणले आणि मावशीला आत बोलावून स्वयंपाकघराच्या दाराशी पाट दिला. दादीसा काही बोलली नाही. काही दिवसांनी तीच मावशीला आत बसवून करटोली निवडायला लागली.

देसात आम्ही उन्हाळ्यात जात असू. घोटीहून मुंबई, मुंबईहून अहमदाबाद, तिथून मीटरगेजच्या गाडीने मारवाड जंक्शन. चुलत भावंडं आम्हाला ‘दखणी’ म्हणत आणि भात मागितला की हसत. तिथे भात म्हणजे सणाचा, साखर-तूप घातलेला. पण परतताना काकी हळूच सांगत, पुढच्या वेळी थोडा तांदूळ आणा. मग आमच्याकडून गरी-कोळप्या तांदळाची पोटली देसात जाई आणि तिकडून केर-सांगरीची इकडे येई. शीतळा सातमीला तिथे थंड्या जेवणात ओलिया करतात, दह्यात कालवलेला गोड भात. तो घोटीच्या तांदळाचा झाला की आमच्या तिथल्या वाड्यात शेजारपाजारच्या बायका चाखायला येत.

माझ्या भावाची मुलगी अमेरिकेत मिनेसोटात राहते. तिच्या शेजारच्या स्वीडिश वंशाच्या घरी नाताळला लुटफिस्क करतात. हा वाळवलेला कॉड मासा. तो क्षाराच्या पाण्यात आणि मग साध्या पाण्यात कित्येक दिवस भिजवून शिजवावा लागतो. स्वीडनमध्ये १८६७ ते १८६९ या वर्षांत दुष्काळ पडला आणि त्यानंतर लाखो लोक अमेरिकेला निघून गेले. तिने फोनवर हे सांगितलं तेव्हा मासा म्हणून नाक मुरडावं असं मला वाटलं नाही, मला दादीसा आठवली. दुष्काळातून निघालेला माणूस सोबत वाळवलेलंच नेतो, कारण टिकतं तेच. आणि नव्या गावात ते टिकवायची जबाबदारी घरातल्या बाईवर पडते. त्या शेजारणीच्या पणजीला ते पहिल्या वर्षी कसं जमलं, कुणी तिला मदत केली, हे मी भाचीला विचारायला सांगितलं. शेजारणीला माहीत नव्हतं.

आमच्याही घरची तीच स्थिती होत आली आहे. पणजोबांच्या आणि दादासांच्या वह्या माळ्यावर नीट बांधून ठेवल्या आहेत. कुठल्या सालात कुणाकडून किती भात आला, हे त्यांत सापडतं. खिचियाला शेरभर कणीला किती पापडखार, केर किती दिवस मुरवायचे, नागलीच्या राबेला ताक किती आंबट हवं, हे कुठेही लिहिलेलं नाही. दादीसाला लिहिता येत नव्हतं. बाईला येत होतं, पण तिला कुणी लिहायला सांगितलं नाही. मुंगोड्या आता जोधपूरहून पाकिटातून येतात, चांगल्या असतात. घोटीतल्या घरी माझी भावजय अजून चैत्रात इंद्रायणीच्या कणीचे खिचिये लाटते. करटोली काचरी घालून करणारी आता मी एकटी उरले आहे.

म्हणून माझी एक विनंती आहे. घोटी, इगतपुरी, सिन्नर, येवला, कुठेही दिसावरात येऊन राहिलेल्या घरात जुनी बाई असेल, तर यंदाच्या उन्हाळ्यात तिच्याशेजारी वही घेऊन बसा आणि मापासकट लिहून घ्या. तिने ते कुणाकडून शिकलं तेही विचारा. उत्तरात दारावर भाजी घेऊन येणारी बाई निघाली, तर तिचंही नाव त्याच वहीत लिहा. आमच्या मावशीचं नाव मी विचारलं नव्हतं. तिच्या नातवाकडून ते मिळवून मी आता माझ्या वहीत पहिल्या पानावर लिहिलं आहे.